परिषदेतल्या मधल्या वेळेत तुम्हाला कोण भेटलं?

बडोद्याला परिषदा नव्या नाहीत. १९३३ साली अखिल भारतीय प्राच्यविद्या परिषदही इथेच भरली होती. पण निबंधाला पंधरा मिनिटं आणि प्रश्नांना दोन, एवढ्यात नवख्याने मनातलं विचारायचं कधी? चहाच्या रांगेत, जिन्यात, पंगतीत कुणी तुम्हाला वाट दाखवली असेल, किंवा तुम्ही अशी सोय मुद्दाम केली असेल, तर लिहा.

संस्कृतची संशोधक, दांडिया बाजार:
माझा निबंध रामायणाच्या पाठभेदांवर होता. घंटा वाजली, एकही प्रश्न आला नाही. रडू यायचंच बाकी होतं. चहाच्या वेळी एक वयस्कर बाई शेजारी येऊन बसल्या. "तळटीपा दाखव बघू," म्हणाल्या. इथल्या ओरिएंटल इन्स्टिट्यूटने काढलेल्या रामायणाच्या चिकित्सक आवृत्तीत, म्हणजे अनेक हस्तलिखितं ताडून ठरवलेल्या पाठात, उत्तरेकडची आणि दक्षिणेकडची हस्तलिखितं कशी वेगळी धरली आहेत, हे त्यांनी कार्यक्रमपत्रिकेच्या पाठीवर पेन्सिलीने आखून दाखवलं. माझं दुसरं प्रकरण त्या आकृतीवर उभं आहे. तो कागद मी जपून ठेवलाय.

रसायनशास्त्र शिकवतो:
मुलांच्या संशोधनाची पोस्टरं जेवणाच्या वेळी लावतात, याचा मला मनापासून राग येतो. हातात ताट घेऊन कोण वाचणार? आम्ही ती चहाच्या टेबलालगत लावली आणि प्रत्येक पोस्टरपाशी एका प्राध्यापकाला थांबायला सांगितलं. मुलं खुलली.

गणितवाली:
जर्मनीत ओबरवोल्फाखच्या गणितसंस्थेत जेवणाच्या टेबलांवर नावं घातलेली रुमालांची पाकिटं ठेवतात आणि ती फिरवत राहतात. त्यामुळे शेजारी बदलत राहतो. आम्ही तेच चिठ्ठ्या टाकून केलं, नाहीतर मोठे मोठ्यांत आणि पोरं पोरांत बसतात. हॉलमध्ये इंग्रजीत तोंड न उघडणारी एक मुलगी जेवताना गुजरातीत इतकं नेमकं विचारत होती, की समोरच्या सरांनी तिला पुढचं काम पाठवायला सांगितलं.

पीएचडी, पहिलं वर्ष:
एक कळकळीची विनंती. अशा गप्पा रात्री हॉटेलात ठेवू नका. वसतिगृहाचं गेट बंद होतं आणि आम्ही मुली मुकतो. सकाळी कमाटीबागेत फिरायला बोलवा, आम्ही येऊ.

रसायनशास्त्र शिकवतो:
अगदी बरोबर. पुढच्या वेळी सकाळीच ठेवू. नंतर सेवउसळ, आणि पैसे ज्येष्ठांनीच द्यायचे.