मदत हवी आहे: सगळे एकदम सुरू का होत नाहीत?

लगबग:
शनिवारी कार्यक्रम आहे, म्हणून थोडक्यात विचारतो. आमच्या संगीतवृंदाचे संचालक (कंडक्टर) आजारी पडले आणि समोर उभं राहून हात हलवायचं काम माझ्या गळ्यात आलं. मी हात खाली आणतो तेव्हा अर्धे सुरू होतात, उरलेले मागून येतात. पहिली ओळ कशीबशी सरली की गाडी रुळावर येते, पण मग लय पडत जाते, म्हणजे मंदावते. 4/4 ची, म्हणजे चार मात्रांची हाताची आकृती पाठ आहे, ती चुकत नाही. काय करू? कृपया "क्लास लावा" सांगू नका.

मंद्रसप्तक:
गाणारे आहेत की वाजवणारे? किती जण? कोणत्या मात्रेवर सुरुवात आहे?

छडीवाला:
आधी बॅटन (संचालकाची छडी) घ्या. नुसता हात मागच्या रांगेला दिसत नाही. अंगठा आणि तर्जनीच्या पेरात हलकी धरायची, मूठ आवळायची नाही. मला पहिल्याच दिवशी फरक पडला.

आलटूनपालटून:
बॅटनचं विचारलंय कोणी? गाणाऱ्यांसमोर पुष्कळ जण रिकाम्या हातानेच करतात. आणि फ्रेंच दरबाराचा संगीतकार लुली 1687 मध्ये काठीपायीच गेला. ताल द्यायला जमिनीवर आपटायची ती स्वतःच्या पायावर बसली, जखम चिघळली. घ्या अजून बॅटन.

छडीवाला:
ते दांडकं होतं हो. ही काही ग्रॅमची असते.

लगबग:
गाणारे. 22 जण, सोबत पियानो. सुरुवात नेहमीसारखीच.

मंद्रसप्तक:
"नेहमीसारखी" म्हणजे? पहिला शब्द पहिल्या मात्रेवर पडतो का?

कोमल गंधार:
हात खाली आणायच्या आधी तुम्ही काय करता ते सांगा. गाणाऱ्याला श्वास घ्यायला एक मात्रा लागते, ती तुम्ही दाखवायची असते. तेवढ्या एका मात्रेवरून त्यांना लय कळते आणि हात केवढा उचललात त्यावरून आवाज केवढा ते कळतं. हात हवेत रोखून मग एकदम आपटलात तर कोणी अंदाजाने सुरू होणार, कोणी शेजाऱ्याचं ऐकून. त्यांच्याबरोबर स्वतःही तोंडाने श्वास घ्या. मी सहा महिने हे करत नव्हते आणि बोल मात्र आल्टोंना (खालच्या पट्टीत गाणाऱ्या बायकांना) लावत होते.

तिहाईप्रेमी:
माझा गोंधळ झाला. पहिल्या मात्रेला हात खाली? ती तर सम (तालाची पहिली मात्रा) ना?

आलटूनपालटून:
हाताची खाली वेगळी, तालातली खाली (बिनटाळीची मात्रा) वेगळी. या आकृतीत सम खालीच पडते :)

लगबग:
हो, हात वर रोखून सगळे बघतायत का पाहतो, मग खाली आणतो. आणि पहिला शब्द चौथ्या मात्रेवर आहे. पियानोही तिथेच सुरू होतो.

मंद्रसप्तक:
अहो, हे आधी नाही का सांगायचं! चौथीवर उचल आहे, म्हणजे गाणं पहिल्या मात्रेच्या आधीच सुरू होतं, आणि तुम्ही पहिलीचा हात देताय. ज्यांना गाणं पाठ आहे ते तुमच्याकडे न बघताच सुटतात, बाकीचे गोंधळतात. इशारा तिसरीचा द्या. आकृती खाली, डावीकडे, उजवीकडे, वर अशी आहे ना? मग उजवा हात पोटासमोर, जरा डावीकडे धरा, म्हणजे दुसरी मात्रा पडते तिथे. तिथून उजवीकडे नेऊन टप्पा द्या, ही तिसरी, इथे श्वास. परत मध्याकडे येऊन टप्पा, ही चौथी, इथे शब्द. तोंडाने "एक दोन तीन चार" मोजू नका.

छडीवाला:
टप्पा नीट दिसायला बॅटनच हवी.

स्वरलिपी:
लय पडते त्याचं कोणी बोललंच नाही. तुम्ही त्यांचं ऐकून हात नेत असणार. तुम्ही त्यांच्यासाठी थांबता, ते तुमच्यासाठी. हात लहान करा, मोठ्या हाताला पल्ला लांब पडतो. आणि डावा हात उजव्याची नक्कल करत असेल तर सरळ खिशात घाला. तो आवाज वाढवायला-कमी करायला आणि कोणाला कधी यायचं ते सांगायला ठेवायचा.

तिहाईप्रेमी:
रच्याकने, शेवटी अभिवादन करताना पियानोवाल्यांनाही उभं करा. विसरलं की फार वाईट दिसतं.

लगबग:
आज तालमीत तिसरीवर श्वास घेऊन पाहिला. दोघे सोडून सगळे एकत्र! ते दोघे वहीतून मान वर काढतच नाहीत.

मंद्रसप्तक:
निदान पहिली ओळ पाठ करून घ्या त्यांच्याकडून.

छडीवाला:
वहीवर बॅटनने टकटक करा.