बालवाडीतला मुक्त खेळ आणि डब्याची घंटा : दिनक्रम कसा बसवावा? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

सांगलीत कॉलनीच्या सभागृहात मी आणि माझी एक सहकारी मिळून बालवाडी चालवतो. अडीच ते पाच वर्षांची बावीस मुलं, वेळ नऊ ते बारा. बाराला सभागृह रिकामं करून द्यावं लागतं, दुपारी तिथे शिवणवर्ग भरतो. बालवाडी चालवणाऱ्यांनी, निवृत्त बाईंनी, पालकांनीही जरूर लिहा.

आल्यावर चपला रांगेत, दप्तर खुंटीला, मग गोल करून गाणी-गप्पा. साडेनऊ ते सव्वादहा मुक्त खेळ. मग हात धुणं, डबा, गोष्ट, अंगणातले खेळ, शेवटी चित्रं नाहीतर मातीकाम. घोळ होतो तो सव्वादहाला.

मुक्त खेळात कुणी काय घ्यायचं हे आम्ही ठरवत नाही. चटयांवर चिंचोके, शिंपले, बाटल्यांची झाकणं, निवडायला मूग-मटकीची मिसळ, ओताओतीला पाणी. सुरुवातीला मुलं नुसती हिंडतात, याचं बघ, त्याचं ओढ. खरी तंद्री लागते ती दहाच्या सुमाराला. परवा एक चार वर्षांचा मुलगा नरसाळ्याने बाटली भरत होता. नरसाळं तोंडावर घट्ट बसलेलं, आतल्या हवेला बाहेर यायला वाट नाही, त्यामुळे पाणी वरच तुंबायचं. त्याने ते हलवलं, काढलं, परत ठेवलं. एकदा ते तिरकं झालं आणि पाणी बुडबुड करत खाली उतरलं. तो थांबला. मग मुद्दाम तिरकं करून बघितलं. परत उतरलं! आणि तेवढ्यात घंटा झाली. असा धडा मला फळ्यावर सात जन्मांत शिकवता आला नसता. त्याला अजून दहा मिनिटं मिळायला हवी होती असं मला मनापासून वाटतं.

मॉन्टेसरी पद्धतीत सलग तीन तासांचं कामाचं सत्र धरतात. आमची अख्खी बालवाडीच तीन तासांची. पण बालशिक्षणात आयुष्य घालवलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्या पालघर जिल्ह्यातल्या कोसबाडच्या कामात गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा होती, म्हणजे शाळाच मुलांमागे कुरणात गेली. वेळ मुलांकडे बघून बेतता येते हे आपल्याकडे होऊन गेलंय, मग आमची डब्याची वेळ काही दगडावरची रेघ नाही.

दुसऱ्या बाजूने, क्रम मोडायलाही मन धजत नाही. धाकट्यांना घड्याळ कुठलं कळतंय? त्यांना कळतं ते ‘डबा झाला की गोष्ट, खेळून झालं की आई’. नव्याने आलेली एक चिमुरडी सकाळभर मुसमुसते आणि डबा उघडला की शांत होते, कारण पुढे काय येणार ते तिला ठाऊक असतं. तिचा हा आधार काढून घ्यायचा नाही.

पालकांचा प्रश्न ठरलेला, ‘आज काय शिकवलं?’ वहीत अ-आ-इ-ई दिसलं की समाधान. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात तीन ते आठ वर्षं हा पायाभूत टप्पा धरलाय, या टप्प्याच्या २०२२ च्या अभ्यासक्रम आराखड्यातही खेळातून शिकण्यावरच भर आहे, हे सांगितलं तर माना डोलावतात आणि परत वही मागतात.

तर, मुक्त खेळ कमीत कमी सव्वा तास सलग मिळेल आणि धाकट्यांचा क्रमही टिकेल अशी मांडणी कुणी केली आहे का? दोघीजणींत जमेल अशीच सांगा. आणि नरसाळ्याची गोष्ट पालकांपर्यंत पोचवायची कशी?

प्रतिसाद :
ताई, डबा सगळ्यांनी एकदम खायलाच हवा का? आमच्याकडे कोपऱ्यात एक सतरंजी घालतो, चार जणांची जागा. भूक लागेल त्याने हात धुवून यायचं, खायचं, डबा बंद करून जागेवर ठेवायचा. जागा नसेल तर थांबायचं. एक ताई तिथेच जवळ बसते. पहिला आठवडा गोंधळ होतो, सगळ्यांना एकदमच भूक लागते! मग बसतं. धाकट्यांना रोज ठरल्या वेळी तुम्हीच सोबत घेऊन बसा, म्हणजे त्यांचा क्रम मोडत नाही. घंटा आम्ही वाजवत नाही. संपवायच्या थोडं आधी प्रत्येकाजवळ जाऊन हळूच सांगतो, ‘आता शेवटचं एकदा’.

धागाकर्ती :
हे करून बघण्यासारखं आहे. पण अर्धवट राहिलेल्या कामाचं काय? सभागृह रोज रिकामं करावं लागतं.

प्रतिसाद :
काम ताटात करायला द्या. राहिलं तर ताट तसंच उचलून कपाटात, वर मुलाच्या चित्राची चिठ्ठी. दुसऱ्या दिवशी तो आल्या आल्या तेच मागतो. पालकांसाठी दाराशी एक फळा ठेवा आणि रोज एकाच मुलाबद्दल दोन ओळी लिहा, काय करत होता आणि त्याला काय सापडलं. ‘छान खेळला’ असं लिहू नका, नरसाळं तिरकं केलं हे लिहा. आपल्या मुलाची पाळी कधी येते म्हणून पालक रोज फळा वाचायला लागतात.