मदत हवी आहे : मासे पाण्याच्या पृष्ठभागाशी येऊन धापा टाकत आहेत

रत्नागिरीजवळच्या आमच्या घरी 60 लिटरची टाकी असून तीत चार गोल्डफिश, तीन मॉली आणि एक गुरामी होते. गेल्या आठवड्यात वादळी पावसामुळे रात्रभर वीज नव्हती, हवेचा पंप व फिल्टर सुमारे नऊ तास बंद राहिले, आणि सकाळी पाणी गढूळ दिसल्यामुळे मी फिल्टरचा स्पंज विहिरीच्या पाण्याने खळखळून धुतला व टाकीतील निम्मे पाणीही त्याच विहिरीचे भरले. आदल्याच दिवशी विहिरीत टीसीएल पावडर (पाणी निर्जंतुक करण्याची क्लोरीनयुक्त पावडर) टाकली होती, हे शेजाऱ्यांकडून नंतर कळले.

त्या दिवशी मासे ठीक होते. चौथ्या दिवसापासून मात्र ते वर येऊन तोंडे उघडझाप करू लागले आणि आतापर्यंत दोन गोल्डफिश व एक मॉली दगावली. मेलेल्या माशाचे कल्ल्यावरचे झाकण काडीने उचलून पाहिले, तर आतील कल्ले लाल नव्हते, कोऱ्या चहासारखे तपकिरी होते. गुरामी मजेत आहे, पण तो वरची हवा घेऊ शकत असल्याने त्यावरून काही ठरवता येत नाही.

क्लोरीनने स्पंजमधील, माशांच्या घाणीचे विघटन करणारे उपयुक्त जिवाणू मरून पाण्यात नायट्राइट (त्या घाणीतून बनणारे विषारी द्रव्य) वाढले असावे, असा माझा कयास आहे. तो बरोबर आहे का? पाणी तपासण्याचा चाचणी संच येईपर्यंत रोज किती पाणी बदलावे, खडे मीठ घालावे का, आणि घातल्यास किती?