मदत हवी आहे: तिसऱ्या स्टेजला ब्रेक पेडल तळाला जातं

जळगावच्या आमच्या क्लबची १.२ पेट्रोल हॅचबॅक. पुढे डिस्क, मागे ड्रम. डांबरी रॅलीत दोन स्टेज (वेळ लावून पळवायचे टप्पे) ठीक जातात, तिसऱ्यात घाटउतारावर पेडल स्पंजी होऊन खाली जातं. दहा मिनिटांत थंड झालं की परत येतं. म्हणजे ब्रेक ऑइल उकळतंय. नुसते पॅड तापले असते तर पेडल कडक राहिलं असतं.

डॉट ४ दर्जाचं नवं ब्रेक ऑइल भरून चारही चाकं ब्लीड केली (लाइनमधली हवा काढली), व्हील कव्हर काढली, कॅलिपरच्या पिना ग्रीस केल्या. गळती नाही. वर खानदेशातला मे महिना!

नियमाने कॅलिपर-रोटर बदलता येत नाहीत, सर्व्हिसला (रॅलीतल्या दुरुस्तीला) २० मिनिटं. सिलिकॉनचं डॉट ५ नको, एबीएस आहे. डॉट ५.१ चा किमान उत्कलनबिंदू २६० अंश, डॉट ४ चा २३०. एवढा फरक पुरेल, की ब्रेक थंड ठेवायला हवेचा डक्टही (नळी) लागेल?