मदत हवी आहे : टेड सोरेन्सन यांच्यावरील लेखासाठी

नमस्कार. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांचे भाषणलेखक आणि सल्लागार टेड सोरेन्सन यांच्यावर मी मराठीत एक दीर्घ लेख लिहीत आहे आणि त्यासाठी जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे.

नेब्रास्कातील लिंकन शहरात 1928 साली जन्मलेला हा तरुण वकील 1953 मध्ये सिनेटर केनेडींच्या कार्यालयात रुजू झाला. 1961 च्या शपथविधीच्या भाषणावर त्याने काम केले, आणि ऑक्टोबर 1962 मध्ये क्यूबातील क्षेपणास्त्रांवरून अणुयुद्धाचे सावट असताना सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांना धाडलेल्या उत्तराचा मसुदा राष्ट्राध्यक्षांचे बंधू रॉबर्ट केनेडी यांच्यासह तयार केला. माझ्या मते ते पत्रच सोरेन्सन यांचे सर्वांत मोठे काम आहे, कारण तिथे प्रत्येक शब्द युद्ध टाळण्यासाठी तोलला गेला होता. पुढे नवनिर्वाचित राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी त्यांना सीआयए या अमेरिकी गुप्तचर संस्थेचे प्रमुख म्हणून निवडले, परंतु विरोधामुळे जानेवारी 1977 मध्ये त्यांनी माघार घेतली. 2010 साली त्यांचे निधन झाले.

माझी खरी अडचण श्रेयाची आहे. शपथविधीच्या भाषणाचे श्रेय सोरेन्सन केनेडींनाच देत राहिले. अशा वेळी लेखकाचा आणि वक्त्याचा वाटा अभ्यासक कोणत्या निकषांवर वेगळा करतात? बोस्टन येथील केनेडी ग्रंथालयात जतन केलेले मसुदे कोणी अभ्यासले असल्यास, भारतात बसून त्यांतील कोणते कागद आधी पाहावेत, हे कृपया सविस्तर सांगावे. या विषयावरील मराठी लेखन सुचवल्यास मी आपला ऋणी राहीन.