‘पुराणमतवादी’ हा शब्द जॉन डीफेनबेकर यांना लागू पडतो का?

प्रश्न

कॅनडाच्या पंतप्रधानांवर मराठी वाचकांसाठी छोटी टिपणे लिहीत आहे. जॉन डीफेनबेकर (१८९५–१९७९) यांच्यावरील टिपणाच्या पहिल्याच वाक्याशी अडले. मी लिहिले होते, ‘पुराणमतवादी पक्षाचे नेते डीफेनबेकर १९५७ ते १९६३ या काळात कॅनडाचे पंतप्रधान होते.’ त्यानंतरचे वाक्य होते, ‘त्यांच्या सरकारने १९६० मध्ये तेथील आदिवासींना, त्यांचा कायदेशीर दर्जा सोडायला न लावता, संसदेच्या निवडणुकीत मतदानाचा हक्क दिला.’ माझ्या आईने ही दोन वाक्ये वाचली आणि मधला काही मजकूर गळला आहे का, असे विचारले. तिची शंका मला रास्त वाटते. त्यात भर म्हणजे त्या पक्षाचे नाव ‘प्रोग्रेसिव्ह कॉन्झर्व्हेटिव्ह’ असे होते, आणि त्याचे शब्दशः मराठी ‘पुरोगामी पुराणमतवादी’ असे केले तर तो सरळसरळ वदतोव्याघात होतो. योग्य शब्द कोणता?

प्रतिसाद १

‘पुराणमतवादी’ हा शब्द आपल्याकडे ज्या वादांच्या छायेत वाढला, त्या छायेसकट तो वाचला जातो. बालविवाह, विधवाविवाह, संमतिवय या प्रश्नांवर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जी रणे माजली, त्यांत ‘सुधारक’ या शब्दासमोर ‘सनातनी’ आणि ‘पुराणमतवादी’ हे शब्द उभे राहिले, आणि तेव्हापासून सामाजिक सुधारणेला आडवा येणारा तो पुराणमतवादी, हा अर्थ मराठी माणसाच्या कानात पक्का बसला आहे. कॅनडातील किंवा ब्रिटनमधील त्या पक्षाच्या निष्ठेचा विषय धर्मशास्त्र किंवा रूढी हा नव्हता. राजपद, संसद, न्यायालये आणि पूर्वापार चालत आलेला कायदा या संस्थांवर ती निष्ठा होती.

ब्रिटनमधील पक्षासाठी मराठी वृत्तपत्रांत ‘हुजूर पक्ष’ हा फार नेमका शब्द रुळलेला आहे. ‘मजूर पक्षा’शी यमक जुळते हा त्याचा एक गुण झाला, पण खरी गंमत अर्थात आहे. हुजूर म्हणजे राजाची किंवा सरकारची समक्षता. पुण्याच्या हुजूरपागेतला हुजूर तो हाच. राजसत्तेशी इमान राखणारा पक्ष म्हणून हे नाव शोभते, आणि त्या दृष्टीने ते डीफेनबेकर यांनाही शोभेल. १९६४ मध्ये मेपलच्या पानाचा नवा ध्वज आणण्याचा ठराव संसदेत आला, तेव्हा ब्रिटिश निशाणाचे चिन्ह कोपऱ्यात मिरवणाऱ्या जुन्या तांबड्या ध्वजासाठी, म्हणजे रेड एन्साइनसाठी, ते विरोधी पक्षनेते म्हणून महिनोन् महिने झुंजले आणि हरले. १९७९ मध्ये त्यांची शवपेटी निघाली तेव्हा तिच्यावर दोन्ही ध्वज होते.

प्रतिसाद २

‘उजव्या विचारांचे’ असे लिहावे. वृत्तपत्रांत तेच चालते आणि वाचकाला लगेच कळते.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

‘उजवे’ हा शब्द आज आपल्याकडे ज्या अर्थाने वापरला जातो, त्यात आर्थिक धोरण, धर्म आणि राष्ट्रवाद यांची एक ठरावीक मोट बांधलेली असते. डीफेनबेकर यांच्यावर ती लादली तर टिपण खोटे होईल. कॅनडाच्या मंत्रिमंडळात पहिली स्त्री, एलेन फेअरक्लॉ, १९५७ मध्ये त्यांनी घेतली. १९६१ च्या राष्ट्रकुल परिषदेत वर्णभेदाच्या प्रश्नावर ते गोऱ्या देशांच्या पंतप्रधानांपासून वेगळे होऊन नेहरू आणि इतर आशियाई-आफ्रिकी नेत्यांच्या बाजूने उभे राहिले, आणि दक्षिण आफ्रिकेला राष्ट्रकुलातून बाहेर पडावे लागले. पुढच्याच वर्षी स्थलांतराच्या नियमांतील वर्णावर आधारलेला भेदभाव त्यांच्या सरकारने बहुतांशी काढून टाकला.

‘हुजूर पक्ष’ मला मनापासून आवडतो, पण एका कारणाने हात आखडतो. त्याच घराण्यातले ‘हुजरे’ आणि ‘हुजरेगिरी’ हे शब्द मराठी वाचकाला शेजारीच ऐकू येतात. हा माणूस सस्कॅचवन प्रांताच्या माळरानावर वाढलेला, प्रिन्स अल्बर्ट या गावी फौजदारी वकिली करणारा होता. १९२५ ते १९३८ या काळात संसद, प्रांतिक विधिमंडळ आणि नगराध्यक्षपद अशा मिळून पाच निवडणुका हरला आणि १९४० मध्ये प्रथम संसदेत पोहोचला. पक्षाचे नेतृत्वही तिसऱ्या प्रयत्नात, १९५६ मध्ये, मिळाले. मग १९५८ मध्ये २६५ पैकी २०८ जागा जिंकल्या. पेढ्या आणि बँकांच्या टोरांटोला तो नेहमी परकाच वाटला. अशा माणसाला ‘हुजूर’ म्हणायला जीभ रेटत नाही.

प्रतिसाद ३

मग पक्षाचे नाव आणि विचारांचे वर्णन या दोन गोष्टी वेगळ्या काढा. पक्षाचे नाव हे विशेषनाम आहे, त्याचे भाषांतर करू नये. ‘प्रोग्रेसिव्ह’ हा भाग विचारमंथनातून आलेलाही नाही. १९४२ मध्ये मॅनिटोबा प्रांताचे प्रोग्रेसिव्ह पक्षाचे मुख्यमंत्री जॉन ब्रॅकन यांना नेतृत्वासाठी बोलावले, तेव्हा त्यांनी घातलेल्या अटीमुळे तो नावाला जोडला गेला. २००३ मध्ये कॅनेडियन अलायन्स या दुसऱ्या पक्षाशी विलीनीकरण होऊन आजचा कॉन्झर्व्हेटिव्ह पक्ष झाला, त्यात तो शब्द गळला. ऑन्टॅरिओसारख्या प्रांतात मात्र जुने नाव अजून चालू आहे.

विचारांसाठी मी ‘परंपरानिष्ठ’ सुचवतो. ‘परंपरावादी’ म्हटले की परंपरा हाच युक्तिवाद होतो. निष्ठेला मात्र कोणत्या परंपरेवर, हे सांगावे लागते, आणि तिथेच लिहिणाऱ्याला प्रामाणिक राहावे लागते. १९६० चा हक्कांचा कायदा पाहा. भाषणाचे, धर्माचे, कायद्यापुढील समतेचे स्वातंत्र्य ही ब्रिटिश कायद्याची जुनी ठेव आहे, आणि ती प्रत्येकाच्या हाती पोहोचली पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती. ठेव जपायची आणि वारस वाढवायचे, ही वृत्ती ‘पुराणमत’ या शब्दात मावत नाही. तो कायदा संविधानाचा भाग नसलेला साधा कायदाच होता आणि प्रांतांना लागू नव्हता, ही त्याची मर्यादा टिपणात अवश्य यावी. फाशीला मनातून विरोध असणाऱ्या या वकिलाच्याच कारकिर्दीत, डिसेंबर १९६२ मध्ये, कॅनडातील शेवटच्या दोन फाशा झाल्या, हेही वगळू नये. ॲव्रो ॲरो विमानाचा प्रकल्प फेब्रुवारी १९५९ मध्ये रद्द करून १४,००० हून अधिक लोकांना एका दिवसात घरी बसवल्याचा राग तर अजून शमलेला नाही.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

‘परंपरानिष्ठ’ स्वीकारते. आता आणखी एक अडचण. जर्मन-कॅनेडियन, युक्रेनियन-कॅनेडियन अशी जोडचिन्हाची ओळख नको, असे ते सतत सांगत, कारण स्वतःच्या जर्मन आडनावाचा जाच त्यांनी सोसला होता. यासाठी मी ‘बिनजोड कॅनेडियन’ असे लिहिले आहे. चालेल का?

प्रतिसाद ३

अजिबात नाही. बिनजोड म्हणजे ज्याला जोड नाही असा, अजिंक्य मल्ल. वाचक त्यांना तालमीत उभे करील. ‘निखळ’ही नको, त्यात शुद्धतेचा वास येतो आणि त्यांचे म्हणणे नेमके उलट होते. ‘नुसते कॅनेडियन’ हे साधे आहे आणि अर्थाला धरून आहे.

प्रतिसाद १

एक उच्चाराचे. काही मराठी मजकुरात ‘डायफेनबेकर’ छापलेले दिसते. पहिला स्वर दीर्घ ई आहे. तुमच्या टिपणात ‘डीफेनबेकर’ आहे, तेच ठेवावे.