मदत हवी आहे : कुस्ती सुटलेल्या धाकट्या भावाला कसं सांभाळू? (तासगाव, सांगली)

नमस्कार. लिहू की नको करत दोन आठवडे गेले. घरातली गोष्ट आहे, म्हणून गावाचं आणि भावाचं नाव लिहीत नाही.

आमचं गाव तासगाव तालुक्यात. थोडी द्राक्षबाग, तीन म्हशी. मी पुण्यात नोकरी करते. धाकटा भाऊ वीस वर्षांचा आहे. नववीत असताना त्याला कोल्हापूरला तालमीत ठेवलं आणि तेव्हापासून घराचा सगळा हिशेब त्याच्या खुराकाभोवती फिरत आला. दूध डेअरीला कमी, त्याला जास्त. बदाम, तूप, खानावळ. अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, एकदा सोसायटीचं कर्ज बागेच्या नावावर काढलं आणि ते खुराकात गेलं. ही तक्रार नाही, आम्ही सगळ्यांनी हौसेनं केलं. शालेय राज्य स्पर्धेत त्याला ब्राँझ मिळालं तेव्हा गावानं ट्रॅक्टरवरून मिरवणूक काढली होती, आणि आई त्या दिवशी जेवलीच नाही आनंदानं.

गेल्या पावसाळ्यात सराव करताना तो डोक्यावर आपटला. दोन्ही हातांतून वीज गेल्यासारखं झालं, काही मिनिटं बोटं हलेनात. तालमीत कुणीतरी मान चोळून दिली आणि दोन दिवसांनी तो परत मॅटवर उतरला. असं तीनदा झालं. तिसऱ्यांदा त्यानं मला फोन केला, अण्णांना नाही. मिरजेला एमआरआय काढला. मणक्यातली मज्जारज्जूची वाट मुळातच अरुंद आहे, त्यात मानेतली एक चकती सरकून मज्जारज्जूवर दाब येतोय. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं : ऑपरेशनची आत्ता गरज नाही, साधं आयुष्य व्यवस्थित जगता येईल, पण कुस्ती कायमची बंद. पुन्हा मानेवर पडला तर हातपाय जाऊ शकतात. दहा मिनिटांत सगळं संपलं. बाहेर आल्यावर त्यानं मला एकच विचारलं, "आक्का, आता अण्णांना कोण सांगणार?"

याला आता सहा महिने झाले.

तो अजून पहाटे चार वाजता उठतो. उठून गोठ्यात जातो आणि दिवा न लावता म्हशींजवळ बसून राहतो. उजाडलं की आत येऊन झोपतो, ते दुपारपर्यंत. जेवण पूर्वीएवढंच, कधी त्याहून जास्त, तर कधी दोन दिवस ताटाकडे बघत नाही. वजन चौदा किलोनं वाढलंय. फोन बंद ठेवतो. तालमीतली पोरं सुरुवातीला यायची, आता येत नाहीत. वस्ताद एकदाही आले नाहीत. त्याचा त्याला राग नाही, उलट "त्यांना तोंड कुठलं दाखवू" म्हणतो.

सगळ्यात अवघड गोष्ट वेगळीच आहे. गावात त्याला नावानं कुणी हाक मारत नाही. लहान पोरांपासून सरपंचांपर्यंत सगळे 'पैलवान' म्हणतात. अण्णासुद्धा. "पैलवान, कधी उतरायचं मैदानात?" हे दूध घालायला गेलं तरी ऐकावं लागतं. वरून तो धडधाकट दिसतो. मान जाड, छाती भरलेली, पैलवानाचे मोडलेले कान. हातात प्लास्टर नाही, कुबडी नाही. त्यामुळे लोकांना पटतच नाही. चुलते तोंडावर म्हणाले, "डॉक्टर घाबरवतात रे, मन घट्ट कर." यात्रा जवळ आली आहे. कमिटीनं त्याला कुस्त्यांच्या मैदानात पंच म्हणून बोलावलं, चांगल्या मनानंच. तो रात्रभर ओकत होता.

मागच्या रविवारी त्यानं कुस्तीचे शूज, लांघा आणि दोन ढाली शेजारच्या एका पोराला देऊन टाकल्या. आई म्हणाली, बरं झालं, विसरायला लागला. मला मात्र ते बघून पोटात गोळा आला, का ते सांगता येत नाही.

मला विचारायचंय ते असं. त्याला कुठं आणि कुणाकडं न्यावं, सांगली-मिरजेत? "मी वेडा नाही" म्हणतो, मग न्यावं तरी कसं? तालमीपासून लांब ठेवावं की नेऊन आणावं? आणि अण्णांचं काय करू? ते त्याच्याशी बोलतच नाहीत. रागानं नव्हे, त्यांना शब्दच सापडत नाहीत. स्वतः अनुभव घेतलेल्यांनी लिहिलं तर फार बरं होईल.

माजी_रेडर

ताई, मी सांगलीचाच. कबड्डी खेळायचो, गुडघ्याचा लिगामेंट दोनदा तुटला, बाविसाव्या वर्षी खेळ संपला.

पोरं येत नाहीत याचं त्याला वाईट वाटत असेल, पण ती दगडाची नसतात. मला पुढं एकानं सांगितलं, तुझ्याकडं बघितलं की आपलंही असं होईल अशी भीती वाटायची. त्यातल्या एकाला तुम्ही स्वतः फोन करा. "भेटायला ये" म्हणू नका. काहीतरी काम सांगून बोलवा.

माझ्या बाबतीत कुणी समजावून सांगितलं त्याचा काडीचा उपयोग झाला नाही. एक मित्र तासगावला बेदाण्याच्या सौद्याला टेम्पो घेऊन जायचा. तो पहाटे दारात यायचा आणि म्हणायचा, चल, एकट्याला झोप येते गाडीवर. तीन महिने मी नुसता शेजारी बसायचो. खेळाचा विषय त्यानं एकदाही काढला नाही. एक दिवस मीच काढला, मिरजेच्या पुलावर, आणि घरी येईपर्यंत रडलो. तुमचा भाऊ चारला उठतोच आहे. त्या वेळेला त्याच्याजवळ कुणीतरी असू दे.

आणि एक विनंती. प्रेरणेचे व्हिडिओ पाठवू नका. आपल्या आटपाडी तालुक्यातले सचिन खिलारी शाळेत असताना सायकलवरून पडले, हाताला कायमचं अपंगत्व आलं, तरी २०२४ ला पॅरिसच्या पॅरालिंपिकमध्ये गोळाफेकीत रौप्यपदक जिंकलं. मला त्यांचा अतोनात अभिमान आहे. पण बुडणाऱ्याला दुसऱ्याचं पोहणं दाखवलं तर तो आणखी खाली जातो. मला असलं काही दाखवलं की वाटायचं, बघ, माणसं काय करतात आणि तू गुडघ्यावरून रडतोस.

साताऱ्याचा_डॉक्टर

मी जनरल प्रॅक्टिस करतो, मानसोपचारतज्ज्ञ नाही. तरी तुमच्या लिखाणातल्या एका ओळीवर थांबलो. शूज आणि ढाली देऊन टाकणं. तुमच्या पोटात गोळा आला तो बरोबर होता. जिवापाड जपलेल्या वस्तू अचानक वाटून टाकणं हे विसरण्याचं लक्षण असेलच असं नाही, धोक्याचंही असू शकतं.

म्हणून आजच, शांतपणे, एकट्यात, सरळ शब्दांत विचारा : "तुला जगणं नकोसं वाटतं का? मरावंसं वाटतं का?" विचारल्यानं डोक्यात नसलेला विचार येतो हा गैरसमज आहे. उलट बहुतेकांना कुणीतरी विचारलं याचा आधार वाटतो. उत्तर "हो" आलं तर घाबरून उपदेश करू नका. ऐकून घ्या, एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी दवाखान्यात न्या. उत्तर काहीही आलं तरी दुसरी गोष्ट आजच करा. द्राक्षबाग आहे म्हणजे घरात फवारणीची औषधं असणारच. ती कुलपात जाऊ देत आणि किल्ली त्याला माहीत नसलेल्या जागी ठेवा. त्याहून चांगलं म्हणजे काही महिने दुसऱ्या कुणाच्या शेडवर ठेवा. मरावंसं वाटण्याची लाट पुष्कळदा थोड्या वेळात ओसरते, आणि तेवढा वेळ हाताशी काही नसलं तर माणूस वाचतो.

टेलिमानस १४४१६ हा सरकारी नंबर आहे, मोफत, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. तुम्हीही करा. घरच्यांनीही त्यावर बोलायचं असतं.

कुठं न्यायचं : मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. केसपेपर काढून ओपीडीत दाखवता येतं, खर्च फार नाही. "वेडा" शब्दाशी भांडत बसू नका. त्याला म्हणा, झोपेसाठी जाऊ. पहाटे जाग येणं, दिवसा झोप, भुकेचा गोंधळ, सहा महिने हे सगळं चालू आहे, म्हणजे झोपेचं दुखणं खरंच आहे, खोटं बोलावं लागत नाही. पैलवानाला शरीराची भाषा कळते.

शरीराचंही समजून घ्या. रोज पाच-सहा तास मेहनत करणारं शरीर एका दिवसात थांबलं. झोप, भूक, मन, तिन्ही त्या मेहनतीला बांधलेली होती. मानेच्या डॉक्टरांना विचारा की चालणं, स्थिर सायकल यातलं काय चालेल, आणि लेखी घ्या. जोर, पूल (डोकं टेकवून अंगाची कमान करायचा व्यायाम) आणि मानेवर भार येणारं काहीही नाही. अजून एक नाजूक गोष्ट. कुणी इंजेक्शनं वगैरे दिली होती का, हे त्याला न रागावता विचारा. स्टेरॉइड घेतलेली असतील आणि एकदम बंद झाली असतील तर त्यानंही मन खोल जातं, आणि तपासणाऱ्या डॉक्टरांना ते कळलंच पाहिजे.

हे त्याच्या एकट्याचं दुबळेपण नाही. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या तज्ज्ञांनी २०१९ मध्ये खेळाडूंच्या मानसिक आरोग्यावर सविस्तर निवेदन काढलं, त्यात दुखापत आणि मनाविरुद्ध आलेली निवृत्ती या जोखमीच्या गोष्टी मानल्या आहेत.

वाळव्याचा_शेतकरी

लग्न करून टाका पोराचं. जबाबदारी पडली की आपोआप मार्गी लागतो. आमच्याकडं दोघांचं असंच झालं.

माजी_रेडर

दादा, राग मानू नका, पण माझंही असंच ठरवलं होतं घरच्यांनी. ती मुलगी बिचारी कुठल्या घरात येणार होती? जो स्वतःशीच बोलत नाही त्याच्या गळ्यात दुसऱ्याचा जीव बांधू नये. आधी तो उभा राहू दे.

कराडची_क्रीडाशिक्षिका

नोकरीचं विचारलं नाहीत, पण अण्णांच्या मनात तेच असणार, म्हणून लिहिते. खेळाडूंना सरकारी नोकरीत ५ टक्के आरक्षण आहे. कुठल्या पदाला कुठल्या दर्जाच्या स्पर्धेचं प्रमाणपत्र चालतं हे शासन निर्णयात ठरलेलं आहे, आणि प्रमाणपत्राची पडताळणी क्रीडा खात्याच्या विभागीय उपसंचालकांकडून करून घ्यावी लागते. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात विचारा. पोलीस भरतीचा विचार असेल तर मैदानी चाचणीआधी मानेच्या डॉक्टरांचा सल्ला हवाच. केंद्र सरकारनं २०२४ च्या ऑगस्टमध्ये निवृत्त खेळाडूंसाठी 'रीसेट' नावाचा प्रशिक्षण कार्यक्रम सुरू केला, २० ते ५० वयासाठी. राज्य पातळीवर पदक मिळवलेल्यांनाही अर्ज करता येतो. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा सहा आठवड्यांचा प्रशिक्षक अभ्यासक्रमही आहे, पण तिथं अंगमेहनत असते. शिक्षण सुटलं असेल तर मुक्त विद्यापीठ आहे.

पण हे सगळं कागदावर लिहून ड्रॉवरमध्ये ठेवा. आत्ता त्याच्यासमोर ठेवू नका. मी माझ्या एका विद्यार्थिनीला दुखापतीनंतर पंधरा दिवसांत कोर्सचे फॉर्म आणून दिले होते. तिला वाटलं, मॅडमनीही मला संपवलं. ती चूक माझी होती आणि ती मला अजून खुपते.

तालमीबद्दल : नेऊ नका आणि अडवूही नका. वस्तादांना मात्र निरोप द्या की एकदा घरी येऊन जा. त्यांच्या तोंडून "तू हरला नाहीस" हे ऐकणं आणि आपल्या तोंडून ऐकणं यात फरक आहे.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. शनिवारी गावी आले. औषधं त्याच दिवशी मामांच्या शेडवर हलवली. अण्णांना कारण सांगितलं तेव्हा ते खाली बसले, मग काही न बोलता स्वतःच बाटल्या पोत्यात भरू लागले.

रविवारी पहाटे चारला मी पण गोठ्यात गेले. अर्धा तास दोघंही गप्प. मग विचारलं, जसं डॉक्टरांनी लिहिलं होतं तसंच, अडखळत. तो बराच वेळ म्हशीच्या पाठीवर हात फिरवत राहिला. म्हणाला, "मरायचं असं न्हाई आक्का. पण उठावंसं वाटत न्हाई, आणि झोपंतबी डाव चालू असत्यात." इंजेक्शनाचं विचारलं, नाही म्हणाला. मला खरं वाटलं. थोड्या वेळानं आपणहून म्हणाला, "मला नावानं हाक मारत जा ना. अण्णांनाबी सांग."

अण्णांना सांगितलं. त्यांनी संध्याकाळी त्याला जेवायला बोलावताना नाव घेतलं. सहा वर्षांत पहिल्यांदा. त्यांचा आवाज जड झाला होता, त्याला ते कळलं, काही बोलला नाही, पण येऊन बसला.

झोपेसाठी डॉक्टरकडं यायला तयार झालाय. गुरुवारी मिरजेला जातोय. तालमीतला एक जोडीदार सोबत येणार आहे, त्यालाच गाडी चालवायला सांगितलीय. वस्तादांना निरोप पोचवलाय, उत्तर नाही अजून.

आता एकच विचारते. ओपीडीत पहिल्या वेळी मी आत जावं की त्याला एकट्याला बोलू द्यावं? आणि मानेचे एमआरआयचे कागद सोबत न्यायचे का? कुणाला माहीत असेल तर बुधवारपर्यंत सांगा.

साताऱ्याचा_डॉक्टर

कागद सगळे न्या. आत तो एकटाच जाऊ दे, सज्ञान आहे. डॉक्टरांनी बोलावलं की तुम्ही जा. शूज देऊन टाकल्याचं त्यानं सांगितलं नाही तर तुम्ही सांगा, पण त्याला आधी कल्पना देऊन, त्याच्यामागे नको.